कबुतरं, कूलर आणि फुफ्फुसं: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईला हा आजार होऊन आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीपाळखीतून रुग्णांचे आणि नातेवाइकांचे फोन येतात, रिपोर्टचे फोटो येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस मला विचारू नका, पण खिडकीबाहेर काय बघायचं ते मी नक्की सांगू शकते.

१. एवढं लांबलचक नाव! हा आजार म्हणजे नेमकं काय?

डॉक्टर याला नुसतं 'एचपी' म्हणतात, आपणही तेच म्हणू. हवेतले काही बारीक सेंद्रिय कण, म्हणजे पक्ष्यांच्या पिसांची धूळ, विष्ठेची भुकटी, बुरशी, काही जिवाणू, श्वासाबरोबर थेट खोल वायुकोशांपर्यंत जातात. बहुतेकांना काहीच होत नाही. काहींची प्रतिकारशक्ती मात्र त्या कणांवर तुटून पडते आणि या लढाईत वायुकोशांच्या पातळ भिंती सुजतात. याच भिंतींतून प्राणवायू रक्तात उतरतो, त्यामुळे जिना चढताना धाप लागते. सूज महिनोन्महिने राहिली की तिथे वण तयार होतात, आणि मग त्याला फायब्रोसिस म्हणतात. फुफ्फुसांच्या अशा दोनशेहून अधिक आजारांच्या कुटुंबाला आयएलडी म्हणतात. एचपी त्यातलाच एक, आणि त्यात कारण सापडण्याची शक्यता असते. बाकीच्यांपैकी अनेकांना ती सोयही नाही.

२. दुर्मिळ आजार म्हणता, मग आमच्या एकाच सोसायटीत दोघांना कसा?

एकूण लोकसंख्येत तो दुर्मिळच आहे. पण भारतात आयएलडीच्या रुग्णांची पहिली मोठी नोंदवही झाली तेव्हा चित्र वेगळं दिसलं. १९ शहरांतली २७ केंद्रं आणि १०८४ रुग्ण, असा तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४७.३ टक्के रुग्णांना एचपी होता. पाश्चात्त्य देशांत जो आयएलडी जास्त आढळतो, तो कारण न कळणारा आयपीएफ, इथे जेमतेम १३.७ टक्के निघाला. सोसायटी एक म्हणजे डक्ट (इमारतीतली हवा-उजेडाची अरुंद मोकळी जागा) एक, कबुतरं तीच. त्यामुळे दोघांना होणं अशक्य नाही, पण दोघांचं निदान बरोबर आहे ना, हे आधी पाहा.

३. आईला पंप दिला आहे. हा दमाच ना?

नाही. 'कबुतरांचा दमा' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला आहे, पण दम्यात श्वासनळ्या आवळतात आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. एचपीत मुख्य बिघाड त्यापुढे, वायुकोशांत असतो. डॉक्टर पाठीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा बऱ्याचदा चपलेचा वेल्क्रो सोडवल्यासारखी चर्रर्र ऐकू येते. पंपाने दम्याच्या रुग्णाला काही मिनिटांत मोकळं वाटतं, एचपीत सहसा तसा फरक पडत नाही. कोरडा खोकला, चालताना धाप, वजन उतरणं आणि पंपाचा उपयोग शून्य, असं सगळं एकत्र असेल तर छातीविकारतज्ज्ञांना गाठा. काही जणांना दमा आणि एचपी दोन्ही असतात, तेव्हा पंप आपल्या मनाने बंद करू नका.

४. एक्स-रेत डाग दिसला म्हणून टीबीची औषधं चालू केली. चालू ठेवायची का?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा येतो आणि दर वेळी पोटात कालवतं. आपल्याकडे टीबी खरोखर खूप आहे, म्हणून डॉक्टरांच्या मनात तो आधी येतो, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. चुकतं पुढे. थुंकीत जंतू सापडला नाही, औषधांनी महिना-दोन महिन्यांत काही फरक नाही, तरी 'कोर्स पुरा करा' एवढंच सांगितलं जातं. आईने एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून सहा महिने त्या गोळ्या खाल्ल्या. लघवी लाल व्हायची, जेवण जायचं नाही, आणि तेवढा काळ ती रोज त्याच खिडकीशी बसून भाजी निवडत होती. चौथ्या ठिकाणी ज्या डॉक्टर भेटल्या, त्यांनी फाइल उघडायच्या आधी विचारलं, "तुमच्या खिडकीबाहेर काय आहे?"

तरीही टीबीची औषधं स्वतःहून सोडू नका, अर्धवट सोडणं धोक्याचं असतं. थुंकीची जनुकीय तपासणी आणि एचआरसीटी (छातीचा बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन) झाला आहे का ते विचारा, आणि दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या. कबुतरांपासून टीबी होतो, हा समज मात्र चुकीचा आहे.

५. कबुतराच्या विष्ठेमुळे होतो की पिसांमुळे?

दोन्हींमुळे. खिडकीच्या काचेवर कबुतर आपटून गेलं की मागे पंख पसरलेला पांढुरका ठसा उमटतो, पाहिलाय? ती पिसांवरची भुकटी. मेणासारखी असते, पाण्याला दाद देत नाही, आणि इतकी बारीक की सहज वायुकोशांपर्यंत पोचते. विष्ठेतही पक्ष्याची प्रथिनं असतात. ओली असेपर्यंत त्रास कमी, वाळून उडाली की श्वासात जाते. म्हणून 'आम्ही कबुतराला हातही लावत नाही' या वाक्याला अर्थ नाही. एसीच्या आउटडोअर युनिटमागे घरटं असलं तरी पुरतं.

६. घरात पाच माणसं, हवा एकच. मग एकट्या बाबांनाच का?

कारण नुसता संपर्क पुरत नाही, शरीराचा कलही लागतो. काही जणांत जनुकीय घटक असतात, आणि घरात कुणाला आधी फुफ्फुसाचा फायब्रोसिस झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. घरात जास्त वेळ कोण असतं, खिडकीशी कोण झोपतं, गॅलरी कोण झाडतं, यानेही फरक पडतो. आमच्या घरी गॅलरी झाडायचं काम आईचंच होतं.

एक विचित्र गोष्ट म्हणजे सिगारेट ओढणाऱ्यांत एचपी तुलनेने कमी आढळतो. लगेच पाकीट काढू नका. ओढणाऱ्याला तो झालाच तर पुढचा प्रवास जास्त वाईट असतो.

७. आमच्या आसपास कबुतरं नाहीतच. मग एचपी कसा?

कबुतर हे एकच कारण नाही, पण मुंबई-पुण्यात ते एवढं गाजलं की बाकीची झाकली गेली.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे कूलर. वर सांगितलेल्या नोंदवहीत एचपीच्या जवळपास निम्म्या रुग्णांचा एअर कूलरशी संबंध आला होता. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून फोन आला की मी आधी कूलरचं विचारते. मागच्या हंगामातलं गवत तसंच आहे? टाकीच्या तळाला हिरवट बुळबुळीत थर आहे? चालू केला की पहिली पाच मिनिटं कुबट वास येतो? तो वास म्हणजे बुरशी, आणि पंखा ती थेट तुमच्या तोंडावर फेकतो. माणूस रात्रभर त्यासमोर झोपतो.

दुसरं कारण बगॅस. उसाचा ताजा, ओला चोथा सहसा त्रास देत नाही. ढीग रचून ठेवला की तो आतून तापतो, त्यात उष्णता आवडणारे जिवाणू आणि बुरशी वाढतात, आणि तोच ढीग पुढे उपसताना धूळ उडते. या आजाराला बगॅसोसिस असं वेगळं नाव आहे. त्याचं वर्णन १९४१ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानात झालं. आपल्याकडे तर साखर कारखान्यांचा आणि गुऱ्हाळांचा पट्टाच आहे. बगॅस यार्डात, कागद कारखान्यात किंवा जुन्या चिपाडाच्या ढिगाशी काम करणाऱ्याला खोकला लागला, तर कामाचं स्वरूप डॉक्टरांना सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. कुजकट कडबा किंवा ओलं राहिलेलं धान्य हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचंही तेच. १९३२ मध्ये इंग्लंडमध्ये याच प्रकाराचं वर्णन 'शेतकऱ्याचं फुफ्फुस' म्हणून झालं.

याशिवाय गळक्या भिंतीवरची काळी बुरशी, बंद पडलेल्या बाथरूममागचं ओलं प्लायवूड, मशरूमची शेती, पिसांच्या उश्या (प्रश्न १७ पाहा). फुंकून वाजवायची वाद्यंही यात येतात. इंग्लंडमधल्या एका बॅगपाइप वादकाची केस २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तो तीन महिने ऑस्ट्रेलियाला गेला, वाद्य घरीच राहिलं आणि त्याला झपाट्याने बरं वाटलं. वाद्याच्या पिशवीत बुरशी सापडली. दुर्दैवाने तोवर उशीर झाला होता, तो वाचला नाही.

८. सगळं शोधलं, कारण सापडत नाही. आता?

असं खूप जणांचं होतं, त्यात तुमचा आळस नाही. तरी शोध सोडू नका, कारण ज्यांचं कारण सापडतं आणि हटवता येतं ते सरासरीने जास्त जगतात. एक साधी वही करा. गावी गेल्यावर खोकला कमी झाला का? परत आल्यावर किती दिवसांनी वाढला? सुटीच्या दिवशी बरं, कामावर त्रास, असं आहे का? तीव्र प्रकारात संपर्कानंतर साधारण ४ ते ८ तासांनी थंडी, ताप, अंगदुखी आणि खोकला येतो. सकाळी माळा साफ केला आणि दुपारी 'फ्लू' झाला, असं दोनदा झालं की तो फ्लू नाही.

पण फसू नका. फायब्रोसिस झालेल्या रुग्णाला जागा बदलून लगेच फरक पडत नाही. 'महिनाभर कोकणात राहिलो, काही फायदा नाही, म्हणजे कबुतरं निर्दोष', हा निष्कर्ष चुकीचा आहे.

९. कुठल्या तपासण्या लागतात?

एक्स-रे पुरत नाही. एचआरसीटी लागतो, आणि तो श्वास आत घेऊन आणि सोडून, असा दोन्ही वेळा काढलेला हवा. श्वास सोडल्यावर हवा कुठे अडकून राहते, हे एचपीत महत्त्वाचं असतं. सेंटरवर आठवण करून द्या, नाहीतर दुसरा भाग राहून जातो आणि पुन्हा पैसे जातात. सोबत पीएफटी (फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजणारी चाचणी), त्यात डीएलसीओ (फुफ्फुसातून वायू रक्तात किती उतरतो त्याचं माप), आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी. बसल्यावर सॅच्युरेशन ९७ आणि चालून आल्यावर ८६, हे या आजाराचं नेहमीचं रूप. फक्त बसवून ऑक्सिमीटर लावणारा दवाखाना निम्मी माहिती घालवतो.

गरज पडल्यास ब्रॉन्कोस्कोपीने फुफ्फुसात थोडं सलाइन सोडून परत ओढतात आणि त्यात लिम्फोसाइट पेशी किती ते मोजतात. बायोप्सी सगळ्यांना लागत नाही. निर्णय एकट्याने न घेता छातीविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्टनी एकत्र बसून घ्यावा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

१०. कबुतरांविरुद्धच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. म्हणजे आजार नक्की?

नाही. पॉझिटिव्ह म्हणजे तुमच्या शरीराची कबुतरांशी ओळख झाली आहे, एवढंच. ठणठणीत कबुतरबाजांच्या रक्तातही त्या अँटिबॉडी सापडतात. उलट निगेटिव्ह आली म्हणून एचपी नाही, असंही म्हणता येत नाही. सीटी आणि लक्षणं जुळत असतील तरच या रिपोर्टला वजन. नुसत्या 'पॅकेज'मध्ये ही तपासणी करून घाबरून जाणाऱ्यांचे फोन मला आठवड्याला एखादा तरी येतो.

११. घरटं काढायचं आहे. कसं काढू?

पहिला नियम म्हणजे रुग्णाने काढायचं नाही आणि त्या दिवशी घरातही थांबायचं नाही. दुसरा, कोरडा झाडू बंद. साबणाचं पाणी फवारून सगळं चिंब भिजू द्या, मग पत्र्याने खरवडून पिशवीत भरा, पिशवीचं तोंड बांधा. काढणाऱ्याने एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत, रुमाल चालत नाही. साध्या व्हॅक्युम क्लीनरने बारीक धूळ मागून परत खोलीतच येते.

आमच्या एसीमागे काड्या कमी आणि केबलचे तुकडे, झाडूचे हीर जास्त होते, मध्ये दोन अंडी. आईच म्हणाली, "अंडी आहेत, राहू दे." अंड्यांतून पिल्लं निघायला साधारण १८ दिवस लागतात, ती उडायला आणखी महिनाभर. तेवढ्यात पुढची अंडी पडतात. मनाला पटत नसेल तर रुग्णाला तेवढे दिवस दुसरीकडे हलवा. दोन्ही जमत नाही म्हणून काहीच न करणं, हे मात्र नको.

१२. साफसफाई झाली, जाळी बसली, तरी खोकला आहेच?

पक्ष्यांची प्रथिनं चिवट असतात. पक्षी घरातून काढून नीट सफाई केल्यावरही वर्ष-दीड वर्ष ती धुळीत सापडल्याची नोंद आहे. गाद्या, पडदे, गालिचे, खिडकीतल्या एसीचे फिल्टर आणि पोटमाळ्यावरची बोचकी ही त्यांची ठिकाणं. पडदे धुवा, जुनी गादी टाकून द्या, फरशी ओल्या फडक्याने पुसा. त्रास तीव्र असेल तर डॉक्टर घर बदलायला सांगतात. हा सल्ला देणं सोपं आहे, ईएमआय चालू असताना पाळणं नाही. आम्ही घर बदललं नाही, आईची खोली बदलली. डक्टकडची खिडकी कायमची बंद.

१३. शेजारी रोज दाणे टाकतात. काय करावं?

आधी भांडू नका, रिपोर्ट दाखवा. आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा जीवदयेपोटी चाळीस वर्षं ज्वारी टाकत होते. आईचा सीटी त्यांच्यासमोर उजेडात धरला, त्या दिवसापासून थांबले. सगळीकडे असं होत नाही, हे मान्य.

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याचं विधान परिषदेत सांगितलं. ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री टाकली, ती आंदोलकांनी ओढून काढली. मुंबई उच्च न्यायालयाने लोकांचं आरोग्य सर्वांत महत्त्वाचं असल्याचं म्हटलं आणि तज्ज्ञांच्या समितीची वाट धरली. श्रद्धेचा प्रश्न हाताळताना जपून बोलावं, हे मलाही कळतं. पण दाणे टाकल्याने कबुतरांची संख्या वाढते आणि ती शेवटी कुणाच्या तरी खिडकीवरच बसतात, हेही खरं. सोसायटीला लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा, दाद लागली नाही तर वॉर्ड ऑफिस.

१४. स्टिरॉइडची भीती वाटते. टाळता येईल का?

कधी कधी येतं. आजार नवा, सौम्य आणि कारण हटलेलं असेल तर काही जण औषधाशिवायही सुधारतात. नाहीतर सूज उतरवायला प्रेडनिसोलोन देतात, आणि ते लांबवायचं झालं तर मायकोफिनोलेट किंवा अ‍ॅझाथायोप्रिन. साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, चेहरा सुजणं ही भीती खोटी नाही. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी हवी, साखर आणि बीपीवर लक्ष हवं. सगळ्यात वाईट म्हणजे बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करणं. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, त्यामुळे अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकतं.

आणि औषध चालू, कबुतरं पण चालू, असं असेल तर नळ चालू ठेवून फरशी पुसल्यासारखं आहे.

१५. रिपोर्टमध्ये 'फायब्रोटिक' लिहिलं आहे. मग काहीच उपाय नाही?

२०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एचपीचे दोनच प्रकार धरतात, फायब्रोसिस असलेला आणि नसलेला. नसलेल्यात फुफ्फुस बरंचसं पूर्ववत होऊ शकतं. झालेला वण मात्र पुसता येत नाही, पुढचा वण लांबवता येतो. त्यासाठी निंटेडॅनिब आहे. २०१९ मध्ये ६६३ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात वाढत्या फायब्रोसिसचे वेगवेगळे आजार होते, एचपीही होता. औषध न घेणाऱ्यांची फुफ्फुसाची क्षमता वर्षाला सुमारे १८८ मिली घटली, घेणाऱ्यांची सुमारे ८१. म्हणजे घसरण थांबली नाही, वेग निम्म्याहून कमी झाला. भारतीय कंपन्यांची जेनेरिक मिळतात. जुलाब हा नेहमीचा त्रास, यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात, गरोदरपणात चालत नाही. 'याने धाप कमी होईल' अशी आशा ठेवली तर पहिल्याच महिन्यात निराशा होते.

१६. घरी ऑक्सिजन लावला की त्याची सवय लागते का?

नाही. चष्मा लावल्याने डोळे बिघडत नाहीत, तसंच. गरज असेल तेव्हा न लावल्यास हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. घरासाठी कॉन्सन्ट्रेटर बघा, वीज जाणाऱ्या भागात सोबत एक सिलिंडर ठेवा. देवापुढची निरांजन, उदबत्ती आणि गॅस यांपासून नळी लांब. आणि बसून राहू नका. फिजिओथेरपिस्टकडून चालण्याचे व्यायाम बसवून घ्या, फ्लू आणि न्यूमोकोकल लस डॉक्टरांना विचारून घ्या.

१७. मुलाकडे परदेशात सहा महिने जायचं आहे. जाऊ शकतो का?

विमानातली हवा साधारण आठ हजार फूट उंचीवर असावी तशी विरळ असते. जमिनीवरच सॅच्युरेशन कमी असेल तर प्रवासात ऑक्सिजन लागू शकतो, तो एअरलाइनला आधी कळवावा लागतो. तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा.

तिथे पोचल्यावर पहिली गोष्ट, पांघरूण तपासा. युरोपात दुलया आणि उश्या बऱ्याचदा बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांच्या असतात. स्कॉटलंडमध्ये ४३ वर्षांच्या एका माणसाला नवी पिसांची दुलई घेतल्यानंतर धाप लागायला लागली आणि निदान एचपीचं निघालं, ही केस २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. लेबल वाचा, नाहीतर इथून सोलापुरी चादर न्या.

१८. फुफ्फुस प्रत्यारोपण?

आजार खूप पुढे गेला आणि वय-प्रकृती साथ देत असेल तर विचार होतो. नाव नोंदवण्याआधीच्या तपासण्यांना वेळ लागतो, म्हणून ऑक्सिजनशिवाय चालत असतानाच केंद्राशी बोलणं बरं. घर पूर्वीसारखंच राहिलं तर नव्या फुफ्फुसातही एचपी परत आल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे प्रश्न ११ आणि १२ इथेही लागू.

१९. घरी पोपट आहे, मुलीचा जीव आहे त्याच्यावर. काढायचाच का?

रुग्ण त्याच घरात असेल तर हो. लव्हबर्ड, बजरी, कोंबड्या, सगळे पक्षी यात आले, आणि एका पक्ष्याच्या प्रथिनांची ओळख झालेलं शरीर दुसऱ्यावरही उलटू शकतं. पिंजरा गॅलरीत ठेवून भागत नाही. मुलीला खोटं सांगू नका, आजीचा ऑक्सिमीटर तिच्या हातात द्या आणि चालून आल्यावरचा आकडा तिलाच वाचू द्या. घरात कुणालाच आजार नसेल तर पोपट राहू द्या, पिंजरा ओला करून पुसा.

२०. चिकन आणि अंडी खाल्ली तर चालतात का?

अंड्याची वेगळी अ‍ॅलर्जी नसेल तर खुशाल. हा त्रास श्वासातून होतो, पोटातून नाही. फक्त कोंबडी दुकानात समोर कापून, सोलून घ्यायला रुग्णाला पाठवू नका. आमच्याकडे ते काम आता माझं आहे, रविवारी सकाळी.